मराठीतली सुधारणेची वादचर्चा छापखान्यातून प्रत्यक्ष कशी जायची?

नदीकाठ (प्रश्न)

तालुक्याच्या वाचनालयासाठी १२ फलकांचं प्रदर्शन तयार करायचं आहे. विषय: छापखाना आणि महाराष्ट्रातली सामाजिक सुधारणा, साधारण १८३० ते १९३०. वृत्तपत्रं-नियतकालिकांची नावं आणि सनावळ्या जमल्या आहेत. दर्पण १८३२, प्रभाकर १८४१, ज्ञानोदय १८४२, ज्ञानप्रकाश १८४९, इंदुप्रकाश १८६२, दीनबंधु १८७७, केसरी १८८१, सुधारक १८८८, मूकनायक १९२०. पण मसुदा वाचला की असं वाटतं, छापखाना आला, पत्रं निघाली आणि समाज बदलला. मधलं सगळं गळून गेलंय.

म्हणून हे विचारतोय. सुरुवातीचं इतकं मराठी साहित्य शिळाछापावर, म्हणजे दगडावरून छापलेलं, का? एखाद्याला वादात उत्तर द्यायचं असेल तर ते छापून यायला किती वेळ लागे, आणि कुठे अडे? कोणाला उत्तर देता येत नसे? आणि एखाद्या पुस्तकाच्या किती प्रती निघाल्या हे आज शोधायचं कसं? फलकावर सामान्य विधानं नको आहेत, ठोस गोष्टी हव्यात.

खिळेघर

शिळेपासून सुरुवात करतो, तुमचे पहिले तीन-चार फलक त्याच काळातले आहेत.

बाळबोध (देवनागरी) खिळ्यांची, म्हणजे छपाईसाठी धातूत ओतलेल्या सुट्या अक्षरांची, मुख्य अडचण संख्येची. इंग्रजी मजकूर जुळवायला लहानमोठी अक्षरं, अंक, विरामचिन्हं धरून दीडशेच्या आसपास प्रकारचे खिळे पुरतात. बाळबोधीत अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, रफार, वरच्या मात्रा-वेलांट्या, खालचे उकार आणि त्यांच्या आपसातल्या जोड्या धरल्या की संच कित्येकशे प्रकारांवर जातो. प्रत्येक प्रकारासाठी पोलादावर ठसा कोरायचा, तो तांब्यात ठोकून साचा करायचा आणि त्यात शिसं, अँटिमनी, कथील यांचा रस ओतायचा. एक अक्षर वाकडं कोरलं गेलं तर ते प्रत्येक पानावर वाकडंच येणार. भांडवल आणि कुशल कोरक्या, दोन्ही हाताशी असल्याशिवाय हे काम उभं राहत नाही.

शिळाछापाला खिळेच लागत नाहीत. लागतो सुंदर हस्ताक्षराचा लेखक, आणि पोथ्या लिहिणारे असे लेखक आपल्याकडे भरपूर होते. रीत अशी: बारीक कणांचा चुनखडी दगड (उत्तम दगड बव्हेरियातून येत) वाळू-पाणी घालून दुसऱ्या दगडावर घासून सपाट करायचा. लेखक खळीचा लेप दिलेल्या कागदावर मेण, साबण, चरबी आणि काजळी यांच्या स्निग्ध शाईने सरळ लिहितो. तो कागद ओलसर करून दगडावर उपडा दाबला की लेप सुटतो आणि अक्षरं दगडावर उलटी उतरतात. वरून डिंकाच्या पाण्यात किंचित नत्राम्ल (नायट्रिक आम्ल) घालून पुसतात. मग दगड ओला करायचा, त्यावरून शाईचा रूळ फिरवायचा. ओल्या जागी शाई धरत नाही, स्निग्ध अक्षरांवर धरते. कागद ठेवून दाब दिला की प्रत तयार.

बिघडतं कुठे? आम्ल जास्त झालं तर आधी बारीक रेघा जातात, म्हणजे अनुस्वार आणि शिरोरेखेची टोकं. ‘अंत’चं ‘अत’ होतं ते इथे. पाणी कमी पडलं तर कोऱ्या जागी शाई चढून पान काळवंडतं. उतारकागद जास्त ओला झाला तर अक्षर फुगतं आणि ‘घ’-‘ध’ ओळखू येत नाहीत. सगळ्यात मोठी अडचण दुरुस्तीची. खिळ्यांत एक शब्द काढून दुसरा बसवता येतो. शिळेवर खरडून काढता येतं, पण नवा शब्द उलटा लिहावा लागतो. म्हणून शिळाछापाच्या पुस्तकांना लांबलचक शुद्धिपत्र असतं. ते आळसाचं लक्षण समजू नका.

दगड महाग, त्यामुळे काम झालं की घासून पुन्हा वापरायचा. दुसरी आवृत्ती काढायची तर पुस्तक पहिल्या ओळीपासून परत लिहायचं. वादाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की एखादं छोटं पुस्तक गाजलं तरी मागणी ताजी असताना ते पुन्हा बाजारात आणणं जड जाई.

गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये, म्हणजे शके १७५३चं पंचांग शिळेवर छापलं. शाईत चरबी असते म्हणून सोवळ्यातले लोक छापील कागदाला शिवत नसत, आणि त्यासाठी त्यांनी शाईत तूप वापरलं असं परंपरेने सांगतात. हे फलकावर जरूर घ्या. छापील पंचांग घरात शिरलं तेव्हा छापील कागदाचा विटाळ निम्मा गेला होता, असं माझं मत आहे.

खिळ्यांची अडचण पुढे सुटली ती अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांनी केलेल्या कामामुळे, आणि तिथेच लहानपणी कामाला लागलेल्या जावजी दादाजींमुळे. जावजींनी १८६४ मध्ये खिळे ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. चांगले खिळे विकत मिळू लागल्यावर लहान गावातही छापखाना काढणं शक्य झालं. १८७० नंतर पत्रं वाढली, त्याचं एक कारण हे.

रकाना

खिळेघर यांनी यंत्राची बाजू सांगितली. मी वेळेचं सांगतो.

साप्ताहिक चार पानी आणि ५०० प्रतींचं आहे असं धरा. लोखंडी हातछापावर दोन माणसं तासाला २०० ते २५० दाब काढतात. एका मोठ्या कागदाच्या दोन बाजू म्हणजे १००० दाब, म्हणजे न थांबता चार-पाच तास. कागद आदल्या दिवशी ओलसर करून ठेवावा लागतो. एका बाजूची शाई वाळल्याशिवाय दुसरी बाजू नाही, आणि पावसाळ्यात ती लवकर वाळत नाही. म्हणजे छपाईलाच एक दिवस. जुळणी, पहिलं मुद्रित (प्रूफ), दुरुस्ती, पान बांधणं यांना त्याआधीचे तीन-चार दिवस. खिळे मोजके असल्यामुळे पुढच्या अंकाची जुळणी सुरू करायची तर मागच्या अंकाची बांधलेली पानं सुटी करून खिळे परत पेटीच्या खणांत टाकावे लागत. वाचकाचं पत्र मोडी लिपीत आलं आणि जुळाऱ्याला (खिळे जुळवणाऱ्याला) मोडी येत नसेल, तर आधी कुणीतरी ते बाळबोधात उतरवायचं. टपालाचे दिवस मिळवले तर बाहेरगावच्या माणसाचं उत्तर मूळ लेखानंतर दुसऱ्या किंवा तिसऱ्या अंकात येणार.

आता हे गणित एका खऱ्या वादावर लावा. संमतीवयाचं विधेयक ९ जानेवारी १८९१ रोजी मांडलं गेलं आणि १९ मार्च १८९१ रोजी मंजूर झालं. शरीरसंबंधासाठी मुलीचं किमान वय १० वरून १२ करणारं हे विधेयक. मधे ६९ दिवस, म्हणजे साप्ताहिकाचे जेमतेम दहा अंक. उत्तर-प्रत्युत्तराच्या तीन-चार फेऱ्या झाल्या की संपलं. म्हणून त्या काळात लेखांच्या जोडीला जाहीर सभा, सह्यांचे अर्ज आणि हाती वाटायची पत्रकं यांचा पाऊस पडला. पत्रं सभेचा वृत्तांत छापत, पुढची सभा त्या वृत्तांतावर बोलत असे. फलकावर विधेयकाच्या दोन तारखा आणि मधे दहा चौकोन काढा, लोकांना लगेच कळेल.

वादाची चाल कोणत्या दिवशी कोण छापतो यावरही ठरते. केसरीचा पहिला अंक ४ जानेवारी १८८१, मंगळवार. सुधारकचा पहिला अंक १५ ऑक्टोबर १८८८, सोमवार. मंगळवारी आलेल्या लेखाला सोमवारच्या पत्राने उत्तर द्यायचं तर सहा दिवस मिळतात. उलट दिशेने, सोमवारच्या लेखाला दुसऱ्याच दिवशीच्या मंगळवारी सविस्तर उत्तर देणं अवघड, पान आधीच बांधलेलं असतं. जुने अंक वाचताना ‘यांनी उत्तरच दिलं नाही’ असा निष्कर्ष काढण्याआधी पुढचे दोन अंक बघावेत.

टोपणनावाबद्दल एक. गोपाळ हरी देशमुखांनी १८४८ ते १८५० मध्ये प्रभाकरमध्ये ‘लोकहितवादी’ या नावाने पत्रं लिहिली. शतपत्रे म्हणून ती ओळखली जातात, भरतात १०८. लिहिणारा सरकारी नोकर, विषय स्वतःच्याच जातीच्या दोषांचा. रखमाबाईंनी १८८५ मध्ये टाइम्स ऑफ इंडियात ‘एक हिंदू स्त्री’ अशा अर्थाच्या सहीने इंग्रजीतून लिहिलं, तेव्हा त्यांच्यावर नवऱ्याने नांदायला येण्यासाठी केलेला दावा चालू होता. छापील पानावर नाव नाही म्हणजे संपादकालाही नाव ठाऊक नाही असं नसे. ‘नाव कळवावे, ते छापले जाणार नाही’ ही संपादकाची नेहमीची अट. कारण खटला झालाच तर तो संपादकावर.

त्याचं मराठीतलं मोठं उदाहरण कोल्हापूर प्रकरण. कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे यांच्या नावाची पत्रं केसरी आणि मराठाने खरी समजून वापरली, ती बनावट ठरली, आणि १८८२ मध्ये टिळक-आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली. डोंगरीच्या तुरुंगात प्रत्यक्ष १०१ दिवस काढले. मूळ कागद हातात नसताना, कुणी आणून दिलेल्या नकलेच्या भरवशावर छापलं की काय होतं, ते इथे दिसतं.

नदीकाठ

दोघांचे मनापासून आभार. दहा चौकोनांची कल्पना नक्की घेतो. प्रतींच्या संख्येबद्दल कोणी सांगेल का? एका फलकावर ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्रीपुरुषतुलना’ आहे आणि मसुद्यात ‘या पुस्तकाने महाराष्ट्र ढवळून निघाला’ असं वाक्य आलंय. ते ठेवू का?

नोंदवही

ते वाक्य काढा. ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापलं गेलं, ५०० प्रती, किंमत ९ आणे. त्यानंतर ते जवळपास विसरलं गेलं. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केलं तेव्हा नव्या वाचकांपर्यंत पोचलं. मधे ९३ वर्षं. आज त्याचं मोल मोठं आहे म्हणून १८८२ मध्येही ते मोठं गाजलं असं लिहिता येत नाही.

पण त्या काळी ते अगदी एकटं पडलं असंही नाही. निमित्त होतं सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेच्या खटल्याचं आणि त्यावरून वृत्तपत्रांतून झालेल्या स्त्रियांच्या निंदेचं. म्हणजे हे पुस्तक मुळात वृत्तपत्रांना दिलेलं उत्तर आहे, आणि ते वृत्तपत्रात न येता स्वतंत्र पुस्तक म्हणून आलं, इकडे फलकावर लक्ष वेधा. जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’चे दोन अंक काढले आणि त्यात ताराबाईंची व पंडिता रमाबाईंची बाजू घेतली. एका पुस्तकाच्या बचावासाठी वेगळं नियतकालिक काढावं लागलं, यावरून इतरत्र किती जागा मिळत होती ते समजतं.

आता प्रती कशा शोधायच्या. १८६७ च्या २५व्या कायद्याने प्रत्येक छापील पुस्तकावर आणि पत्रावर मुद्रकाचं नाव व छपाईचं ठिकाण, तसंच प्रकाशकाचं नाव व प्रकाशनाचं ठिकाण घालणं बंधनकारक झालं. छापखाना चालवणाऱ्याने मॅजिस्ट्रेटपुढे जाहीरपत्र करायचं, आणि पुस्तक छापून बाहेर पडल्यावर ठरल्या मुदतीत त्याच्या प्रती सरकारात द्यायच्या. त्या प्रतींवरून नोंदवही ठेवली जाई. तिच्यात पुस्तकाचं नाव, भाषा, लेखक, विषय, छपाईचं ठिकाण, मुद्रक-प्रकाशक, तारीख, पृष्ठं, आकार, कितवी आवृत्ती, किती प्रती, खिळ्यांवर की शिळेवर, किंमत आणि हक्क कोणाचे, एवढे रकाने. दर तिमाहीला ही यादी सरकारी गॅझेटात छापली जाई. तुम्हाला हवी ती जागा हीच: मुंबई इलाख्याची तिमाही यादी.

वापरताना काही गोष्टी सांभाळा. नावं रोमन लिपीत असतात आणि स्पेलिंग दर वेळी वेगळं. ‘श्री’ने सुरू होणारं नाव दोन-तीन ठिकाणी शोधावं लागतं. तारीख पुस्तक सरकारात पोचल्याची असू शकते, म्हणून डिसेंबरात छापलेलं पुस्तक पुढच्या वर्षाच्या पहिल्या तिमाहीत सापडतं. प्रतींचा आकडा मुद्रकाने सांगितलेला असतो आणि तो छापलेल्या प्रतींचा, खपलेल्या नव्हे. ५०० छापून ४०० घरात पडून राहिल्या तरी नोंद ५००चीच. आणि १८६७ च्या आधीच्या पुस्तकांना ही यादी उपयोगाची नाही.

पत्रांसाठी दुसरं साधन म्हणजे देशी पत्रांतल्या मजकुराचे सरकारने करून घेतलेले साप्ताहिक इंग्रजी सारांश. त्यांत पत्राचं नाव, गाव आणि खपाचा आकडाही मिळतो. ज्या पत्रांचे अंक आज उरलेले नाहीत त्यांचा मजकूर बरेचदा फक्त इथेच आहे. मात्र निवड सरकारी डोळ्याने केलेली. राज्यकर्त्यांवर टीका असलेला परिच्छेद हमखास सापडेल, केशवपनावरचं लांब पत्र एका ओळीत उरकलेलं असेल. सारांश वाचून ‘हे पत्र सामाजिक प्रश्नांवर लिहीतच नव्हतं’ असं म्हणू नये.

शके आणि सनाचा घोळ टाळायचा तर शकात ७८ मिळवा. मजकूर पौष ते फाल्गुन या महिन्यांतला आणि जानेवारीनंतरचा असेल तर ७९. मुखपृष्ठावर नुसता शक असलेल्या पुस्तकांची सनं फलकांवर एका वर्षाने चुकतात ती इथेच.

चावडी

वरचं सगळं उपयोगाचं आहे, पण मला वाटतं तुमच्या तिसऱ्या प्रश्नाला, म्हणजे उत्तर कोणाला देता येत नव्हतं याला, प्रदर्शनात सर्वांत जास्त जागा मिळावी. खिळेघर यांच्याशी थोडा मतभेदही नोंदवतो. चांगले खिळे विकत मिळू लागल्याने पत्रं वाढली हे खरं, पण खिळे विकत मिळणं आणि रकाना मिळणं वेगळं. छापखाना कोणाचा आणि पत्राची मालकी कोणाची, या दोन प्रश्नांवर बरंच ठरत होतं.

आगरकरांचं उदाहरण घ्या. ते केसरीचे पहिले संपादक. तरी सामाजिक प्रश्नांवर सहकाऱ्यांशी पटेना, आणि पत्र एकट्याचं नव्हतं. १८८७ मध्ये ते बाहेर पडले आणि पुढच्या वर्षी सुधारक काढला. मराठी बाजू त्यांची, इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखल्यांकडे. शिक्षण, ओळखी, लेखणी सगळं असलेल्या माणसालाही मनासारखं लिहायला स्वतःचं पत्र लागलं. मग ज्यांच्याकडे यातलं काहीच नव्हतं त्यांचं काय?

कृष्णराव भालेकरांनी पुण्यात १ जानेवारी १८७७ रोजी दीनबंधु सुरू केला. पुढे १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंड्यांनी तो मुंबईत नेला, आणि मग त्यात गिरणी कामगारांचे प्रश्न आले. पण हेही लिहा, कारण सोयीचं नसलं तरी खरं आहे: फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ याच दीनबंधूत यायला लागला आणि सुरुवातीच्या भागांनंतर तो छापणं थांबलं. मजकूर फार जहाल वाटला. स्वतःच्या चळवळीच्या पत्रातही संपादकाला खटल्याची आणि सरकारी रोषाची धास्ती असते. १८७८चा देशी पत्रांचा कायदा त्या वेळच्या संपादकांच्या चांगला आठवणीत होता. त्या कायद्याने मॅजिस्ट्रेटला मुद्रकाकडून जामीन मागता येई आणि मजकूर आक्षेपार्ह ठरला तर छापखान्याचं सामान जप्त करता येई. इंग्रजी पत्रांना तो लागू नव्हता. व्हाइसरॉय रिपन यांच्या काळात तो रद्द झाला, पण एकदा खिळे जप्त होऊ शकतात हे कळल्यावर संपादकाचा हात आखडतोच.

गावातून पत्र चालवण्याचं मोठं उदाहरण मुकुंदराव पाटलांचं दीनमित्र. ते भालेकरांचेच पुत्र, दत्तक गेलेले. १९१० मध्ये सोमठाण्याहून सुरुवात, पुढे नेवासे तालुक्यातलं तरवडी. सत्यशोधक विचारांचं हे साप्ताहिक खेड्यातून १९६७ पर्यंत निघत राहिलं. खेड्यात पत्र चालवायचं तर कागद, शाई, खिळे सगळं शहरातून आणायचं. झिजलेले खिळे वेळेवर बदलून मिळत नाहीत, आणि जुळारी सोडून गेला तर दुसरा जवळपास नसतो. मुकुंदराव लिहिण्यापासून अंक टपालात पडेपर्यंत सगळ्यावर नजर ठेवून होते म्हणून ते टिकलं. तुमचं वाचनालय तालुक्याचं आहे, तर हा फलक मोठा करा. पुण्या-मुंबईबाहेरही हे घडत होतं, हे बघणाऱ्या मुलांना कळायला हवं.

दलितांच्या छापील लेखनाचा क्रम फार मागे जातो. गोपाळबाबा वलंगकरांची ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका १८८८च्या सुमाराची. त्यानंतर शिवराम जानबा कांबळे यांचं सोमवंशीय मित्र, नागपूरकडे किसन फागूजी बनसोड यांची पत्रं. तुमच्या यादीत १९२० आधी यातलं एकही नाव नाही, ती दुरुस्ती कराच.

मूकनायकचा पहिला अंक ३१ जानेवारी १९२०, पाक्षिक. शाहू महाराजांनी २५०० रुपये दिले. संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचं नाव, मागे आंबेडकर. मूकनायक निघत असल्याची जाहिरात पैसे भरून छापायलाही केसरीने नकार दिला, हे आंबेडकरांनी पुढे लिहून ठेवलंय. बातमी नाही, मत नाही, पैसे भरलेली जाहिरातसुद्धा नाही. मूकनायक १९२३ मध्ये बंद पडलं. महाडचा सत्याग्रह झाला २० मार्च १९२७ला आणि बहिष्कृत भारतचा पहिला अंक आला ३ एप्रिल १९२७ला, म्हणजे दोनच आठवड्यांनी. इतरांची पत्रं महाडविषयी काय छापताहेत हे दिसत असताना आपली हकीकत आपल्या पानावर असणं किती निकडीचं होतं ते या दोन तारखा सांगतात. पण मनुष्यबळ नव्हतं. एकेका अंकाचे २४-२४ रकाने आंबेडकरांना एकट्याने लिहावे लागले. नोव्हेंबर १९२९ मध्ये तेही थांबलं, आणि १९३० मध्ये जनता आलं. वर्गणीदार कमी, जाहिराती जवळपास नाहीत, लिहिणारे हात एक-दोन. पत्र बंद पडण्याची कारणं इतकी साधी असतात, आणि तीच फलकांवर बहुतेक वेळा लिहिली जात नाहीत.

ग्रंथसाखळी

चावडी यांच्याशी सहमत. एक पुरवणी देतो. खपाचा आकडा म्हणजे वाचकांचा आकडा नव्हे. १९व्या शतकाच्या मध्यापर्यंत गावोगावी सार्वजनिक वाचनालयं निघाली होती: रत्नागिरी १८२८, अहमदनगर १८३८, नाशिक १८४०, पुणे १८४८, कोल्हापूर १८५०, सोलापूर १८५३. तिथे एक प्रत दिवसभर हाताहातांतून फिरे. याशिवाय वाचून दाखवण्याची पद्धत होतीच. एक वाचतो, दहा ऐकतात. सत्यशोधक पत्रांची भाषा बघा, वाक्यं बोलण्यासारखी, मधेमधे अभंग आणि पोवाडे. मूकनायकच्या शिरोभागी तुकारामांचा अभंग आहे. असा मजकूर कानाने घ्यायला सोपा.

पण याला मर्यादा होती. वाचनालयाच्या पायऱ्या सगळ्यांना खुल्या नव्हत्या, आणि चावडीवर अस्पृश्यांना लांब बसावं लागे. स्त्रियांपर्यंत अंक पोचायचा तो घरातल्या पुरुषाच्या हातून, त्याला हवा असेल तर. तेव्हा ‘एका प्रतीमागे दहा वाचक’ असला ठरीव गुणाकार फलकावर टाकू नका.

लिपीचंही एक वाक्य घाला. बंगालमधल्या श्रीरामपूरला १८१०चा मराठी कोश मोडी खिळ्यांत छापला होता, कारण व्यवहाराची लिपी ती. पुढे छापखान्यांनी बाळबोध धरली. नुसती मोडी येणाऱ्या कुळकर्ण्याला किंवा दुकानदाराला छापील पान पुन्हा शिकावं लागलं, आणि नव्या शाळांत शिकलेल्या मुलांना ते आपसूक आलं.

नदीकाठ

यादीत वलंगकर, कांबळे, बनसोड आणि दीनमित्र घेतले. ‘ढवळून निघाला’ काढलं. शेवटचा प्रश्न: आमच्या कपाटात मुखपृष्ठ फाटलेली तीन जुनी पुस्तकं आहेत. शिळाछापाची की खिळ्यांची, हे बघणाऱ्यांना कसं दाखवू?

खिळेघर

साधं भिंग पुरतं, पाच-सहा पट मोठं दिसणारं.

एका पानावरचे चार ‘क’ शोधा. चारही किंचित वेगळे असतील तर शिळाछाप, कारण प्रत्येक हाताने लिहिलेला आहे. हुबेहूब असतील, आणि एखादा तुटका ‘क’ तसाच तुटका दुसऱ्या पानावरही भेटला, तर खिळे. मग शिरोरेखा बघा. खिळ्यांत दोन अक्षरांच्या मधे रेघेत बारीक फट पडते किंवा रेघ वरखाली होते, शिळेवर ती हाताने ओढलेली सलग असते. मात्रा शेजारच्या अक्षरावर सरकलेली दिसली तर ते खिळ्यांचंच काम. शेवटी पान उलटं करून तिरप्या उजेडात धरा आणि मागच्या बाजूने बोट फिरवा. खिळ्यांनी कागद दाबला जातो, बारीक उंचवटे जाणवतात. शिळाछापाची पाठ सपाट. मात्र पुस्तक पुन्हा बांधताना दाबात ठेवलं असेल तर हे उंचवटे बसून गेलेले असतात, म्हणून फक्त एवढ्यावर ठरवू नका.

पान हाताळायला देऊ नका. ते काचेखाली उघडं ठेवा, शेजारी भिंग दोरीने बांधा आणि ज्या ओळीत तुटका खिळा आहे तिच्या बाजूला पांढऱ्या कागदाची पट्टी ठेवा. पट्टी चिकटवू नका, डिंक पुढे कागद खातो. उजेड थेट खिडकीचा नको. ऊन लागलं तर जुना कागद पिवळा पडतो आणि घडीवर तुटतो. चारेक दिवसांनी पान बदललं तर एकाच जागी ताण येत नाही.

तिसऱ्या पुस्तकाचं मुखपृष्ठ नसलं तरी शेवटची पानं बघा. मुद्रकाचं नाव आणि छापखान्याचं ठिकाण तिथे सापडलं तर नोंदवही यांनी सांगितलेल्या तिमाही यादीत ते पुस्तक गाठता येईल. पृष्ठसंख्या आणि आकार जुळवून बघा.